द्वारका बुडायला तयार नाही

माणसानं एकाच गोष्टीला किती वर्षं नाही म्हणायचं, याला काही हद्द असते की नाही? द्वारकाबाई बोर्डे बत्तीस वर्षं नाही म्हणत होत्या आणि त्यांचा नवरा बत्तीस वर्षं तेच तेच विचारत होता. नवरा म्हणजे पाळक गुलाबराव बोर्डे, जयपुरातल्या छोट्याशा मराठी बॅप्टिस्ट मंडळीचे पहिले आणि आजवरचे एकमेव पाळक. आणि मागणी काय, तर बायकोनं एकदा पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घ्यावा.

आता बाई जन्मानं ख्रिस्तीच. माहेर राहुरीकडचं. तिकडच्या त्यांच्या मंडळीत तान्ह्या लेकराच्या डोक्यावर पाणी शिंपडलं, प्रार्थना केली, की झाला बाप्तिस्मा. गुलाबरावांचाही तसाच झालेला. पण रेल्वेत फिटर म्हणून रतलामला बदली झाली आणि तिथल्या एका उपदेशकानं त्यांच्या डोक्यात भरवलं की तान्ह्या पोराला काय कळतंय? ज्याचा विश्वास आहे त्यानं स्वतःच्या पायांनी पाण्यात उतरावं, आख्खं बुडावं आणि वर यावं. झालं! उतरले हे नदीत. निथळत घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "द्वारका, पुढच्या रविवारी तू."

द्वारकाबाई कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "द्वारका एकदा बुडाली तेवढी पुरे. तिला पुन्हा बुडवू नका. आणि ते पाणी पुसा आधी."

घरात खूप हसले सगळे. तेव्हापासून तोच एक जवाब. विचारायला आले की हाच ठेवणीतला टोला द्यायचा आणि कामाला लागायचं. गुलाबराव शास्त्रातली वचनं काढून दाखवायचे. बाई म्हणायच्या, "वाचलंय मी. मलाही वाचता येतं."

मग जयपूरला बदली. रेल्वे क्वार्टरात चार मराठी घरं जमवून प्रार्थना सुरू केली. एवढ्यावर थांबतील तर ते गुलाबराव कसले! चांगली नोकरी सोडली, दोन वर्षं बायबल शिकून आले आणि बनी पार्कात एका गेस्टहाउसच्या मागची खोली भाड्यानं घेऊन पाळक झाले. तेव्हापासून हा माणूस घरचा राहिला नाही. कुणाची बदली रद्द करायचा अर्ज लिहून दे, कुणाच्या सासूला दवाखान्यात ने, कुणाचं नवरा-बायकोचं भांडण सोडव. स्वतःच्या घरातला गॅस संपला तर मात्र, "अगं, देव पाहून घेईल." देव कशाला पाहील? द्वारकाबाईच रिक्षात सिलिंडर घालून आणायच्या.

आणि पाणी! बुडवून बाप्तिस्मा द्यायचा म्हणजे माणूस बुडेल एवढं पाणी नको का? हे कोकण आहे का? नळाला जेमतेम तासभर पाणी. पहिल्या वर्षी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं तोंड करवतीनं कापलं आणि त्यात मंडळीतल्या रणजीत गायकवाडला उतरवलं. सहा फुटी गडी. डोकं बुडालं की गुडघे वर, गुडघे दाबले की डोकं वर. तीन माणसांनी मिळून त्याला एकदाचा पाण्याखाली घातला.

मग शहराबाहेरचं कानोत्याचं धरण सापडलं. जीप करायची, सगळी वरात घेऊन जायची. भोवती सहलीला आलेली माणसं कचोऱ्या खात बघत बसलेली. एकदा चौकीदार धावत आला. "भैया, यहाँ नहाना मना है!"

"नहा नहीं रहे," गुलाबराव छातीभर पाण्यातून म्हणाले. त्यांच्या मनात मराठीच चाललेलं असायचं, तोंडातून नुसती हिंदी यायची. "हम तो इनको डुबा रहे हैं. पाँच लोग डुबाने हैं आज."

चौकीदारानं शिट्टी फुंकून पोलिसांना बोलावलं. हवालदाराला सगळी कथा समजावून सांगता सांगता द्वारकाबाईंच्या तोंडाला फेस आला. कोरडे टॉवेल, बदलायचे कपडे, थर्मासातला चहा, हे सगळं प्रत्येक वेळी त्यांनीच न्यायचं. जगाला बुडवायला मदत करायची आणि आपण काठावर कोरडं उभं राहायचं.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण प्रभुभोजनाचं काय? दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर खायची आणि द्राक्षरस प्यायचा. मंडळीचा नियम असा की ज्याचा बुडून बाप्तिस्मा झाला आहे त्यालाच भाकर आणि द्राक्षरस. नियम गुलाबरावांनीच लिहिला. भाकर करायची द्वारकाबाईंनी. आदल्या दिवशी न्हाऊन, बिनमिठाची, बिनखमिराची, तव्यावर एकेक पोळी डाग न पडू देता. काळ्या मनुका उकळून रस काढायचाही त्यांनीच. आणि रविवारी बापू घोडके ताट घेऊन बाकाबाकावरून फिरायचे. बापू मंडळीचे डीकन, म्हणजे पाळकांचे मदतनीस, निवृत्त गार्ड, नियमाला पक्के. द्वारकाबाईंपाशी आले की ताट त्यांच्या नाकासमोरून पुढे. मग वेदीपाशी उभे असलेले गुलाबराव आपला तुकडा घ्यायचे आणि डोळे मिटून खायचे. एकवीस वर्षं. बाई समोरच्या भिंतीकडे बघत बसायच्या. घरी येऊन भांडी मात्र जरा जोरात आपटायच्या.

यंदा गुलाबराव एकाहत्तरचे झाले, गुडघे गेले. नव्या वर्षापासून नागपूरहून निलय नावाचे तरुण पाळक येणार असं ठरलं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी गुलाबरावांच्या हातचं शेवटचं प्रभुभोजन. आणि त्याआधी काय, तर शनिवारी कानोत्याला जीप ठरवली. यादीत दोनच नावं. दुसरं द्वारकाबाईंचं. न विचारता!

मुलगी सुवर्णा, जयपुरात वाढलेली, तीही बापाच्या बाजूनं. "आई, मतलब, एक डुबकीच तर आहे ना. पप्पांसाठी घे ना."

"तुझ्या पप्पांसाठी मी आख्खं आयुष्य घेतलंय डोक्यावर. आता नाकातोंडात पाणीपण घेऊ?"

गुलाबराव खुर्चीत बसले होते. मांडीवर मंडळीची नोंदवही. म्हणाले, "द्वारका, हसण्यावारी नेऊ नकोस. ही वही मला निलयच्या हातात द्यायची आहे. माझ्या बायकोचंच नाव हिच्यात नाही. मी गेल्यावर तू या मंडळीत कोण म्हणून बसणार? शास्त्र सांगतं—"

"पुरे करा हो शास्त्र!" बाईंच्या हातातली सांडशी ओट्यावर आदळली. "बत्तीस वर्षं शास्त्र सांगताय. का नाही म्हणते, असं एकदा तरी विचारलंत? एकदा?"

गुलाबरावांनी खरंच विचारलं नव्हतं.

"मी चार महिन्यांची होते," द्वारकाबाई म्हणाल्या. "आईनं मला घेऊन आमच्या ख्रिस्ती देवळात उभं राहून माझा बाप्तिस्मा करून घेतला. पुढच्या पावसाळ्यात आई गेली. तिचा फोटो नाही, लुगडं नाही, मला तिचा चेहरासुद्धा आठवत नाही. तिनं माझ्यासाठी केलेलं मला ठाऊक असलेलं एवढं एकच काम. आणि तुमच्या धरणात उतरायचं म्हणजे सगळ्यांसमोर म्हणायचं, की तो बाप्तिस्मा नव्हताच. माझ्या आईनं केलं ते काहीच नव्हतं. म्हणू मी असं? तुम्ही म्हणाल असं, माझ्या तोंडावर?"

सुवर्णानं ओट्यावरची सांडशी उचलून जागेवर लावली. गुलाबराव मग वही मिटून आत गेले. द्वारकाबाईंना वाटलं, झालं, आता रुसतील. रुसू देत. शनिवारी जीप एकाच नावासाठी गेली, आणि टॉवेल घेऊन त्याही गेल्या, कारण त्यांच्याशिवाय कुणाच्या लक्षात राहणार होतं?

रविवारी खोली गच्च भरली होती. जुनी माणसं आवर्जून आली होती. गुलाबरावांनी भाकर मोडली. आवाज नेहमीचाच, ठाम. बापू ताट घेऊन फिरले. द्वारकाबाईंपाशी आले, सवयीनं ताट पुढे गेलं. बाई भिंतीकडे बघत होत्या. ताट फिरून वेदीपाशी पोचलं. शेवटचा तुकडा पाळकांचा.

"खाली ठेवा, बापू," गुलाबराव म्हणाले.

"पाळकसाहेब, तुमचं राहिलं."

"राहू दे. नियम मी लिहिला, तो मंडळीचा आहे, मी एकटा तो मोडणार नाही. निलय आले की सगळे मिळून ठरवा. पण तो नियम चुकला, असं मला वाटतं. आणि आजपासून जिथं हिला भाकर नाही तिथं मीही घेणार नाही."

आणि दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पाऊल टाकत ते खाली उतरले आणि बायकांच्या बाजूच्या बाकावर द्वारकाबाईंच्या शेजारी येऊन बसले.

द्वारकाबाईंचा संताप संताप झाला. "उठा," त्या दातावर दात धरून म्हणाल्या. "शेवटचं भोजन आहे तुमचं. लोक बघतायत. जाऊन खा मुकाट्यानं. मी काय आजच उपाशी राहिलेय?"

"नाही," गुलाबराव म्हणाले. "तुझ्यासमोर एकट्यानं खात होतो, ते मला आत्ता कळलं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. गालावरून पाणी ओघळायला लागलं आणि ते पुसायला एवढ्या टॉवेलवाल्या बाईकडे साधा रुमालही नव्हता. "एवढी वर्षं का लावलीत हो?" त्या म्हणाल्या. कुजबुजून म्हणायचं होतं त्यांना, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.