मागे घेतलेली सही

शेलार मॅडम गेल्याचं त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं तेव्हा मी अंबरनाथच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होतो. "काका, आई सकाळी गेली," एवढंच तो म्हणाला. मी मूर्खासारखं विचारलं, "कुठे?" आणि विचारता विचारताच मला कळलं. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कारखान्यात मंगल शेलार इन्स्ट्रुमेंट विभागात होत्या. मी मेंटेनन्सचा सुपरवायझर. त्या कुळगावच्या. बारीक अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या. शेडमध्ये गॅस गळला तर ओळखणारे डिटेक्टर होते आणि त्यांच्या वायरी उंदीर कुरतडायचे, ॲसिडच्या वाफेने सडायच्या. म्हणून वायरी काढून बिनतारी यंत्रणा बसवायचं ठरलं. डिटेक्टरवर छोटा ट्रान्समीटर, कंट्रोल रूममध्ये पडदा, मध्ये फक्त हवा. एका रविवारी, शेड बंद असताना, आम्ही दोघांनी चाचणी घेतली. सगळे आकडे धडाधड येत होते. मॅडमनी चाचणी नीट झाल्याच्या कागदावर सही केली आणि मी मॅनेजरसाहेबांना कळवून टाकलं, की शुक्रवारी हेड ऑफिसचे लोक तपासणीला येतील तेव्हा सगळं तयार असेल.

मंगळवारी मॅडम कंट्रोल रूममध्ये नुसत्या उभ्या राहून पडद्याकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "तीन नंबरचा आकडा बघा. दहा मिनिटं झाली, हललेला नाही." मी म्हटलं, "मग चांगलंच की, गॅस नाही." त्या म्हणाल्या, "अहो, हा आकडा आत्ताचा नाही. शेवटचा आला तोच धरून बसलाय." आम्ही शेडमध्ये गेलो. रविवारी जिथे मोकळी जागा होती, तिथे माल भरलेली निळी प्लास्टिकची पिंपं दोन माणसांच्या उंचीइतकी रचलेली होती. मॅडम पिंपावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "पिंप रिकामं असतं तर ट्रान्समीटरची रेडिओ लाट आरपार गेली असती. आतल्या मालात बहुतेक पाणीच आहे, पाणी ही लाट पिऊन टाकतं... मी रिकाम्या शेडमध्ये बघितलं. माझं चुकलं."

मी त्यांना गळ घातली. "मॅडम, शुक्रवार जाऊ द्या. मग शांतपणे बघू." त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "शुक्रवारपर्यंत शेडमधली माणसं सुट्टीवर आहेत का?" आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं. "साहेब, ती सही माझी आहे, मी ती मागे घेते. तीन नंबरला वायर पडेपर्यंत शेड बंद ठेवा." शेड दीड दिवस बंद राहिली. तपासणीच्या दिवशी अर्ध्या भिंतीवर वायरी लोंबत होत्या. विभागप्रमुखाची जागा त्यांना मिळणार हे सगळे धरून चालले होते. ती दुसऱ्याला मिळाली. माझीही साहेबांनी सगळ्यांसमोर हजेरी घेतली. त्या रागात मी वर्षभर मॅडमशी कामापुरतंसुद्धा धड बोललो नाही. गॅस कधी गळला नाही, म्हणून मला ते सोपंही गेलं.

पुढच्या वर्षी आम्ही सोनिवलीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. मुलीची नोकरीची मुलाखत घरूनच, कॉम्प्युटरवर व्हायची होती, आणि वायफाय सारखं अडकत होतं. माझ्या बायकोने मला न विचारता मॅडमना फोन केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात त्या! मोबाइल हातात धरून खोल्याखोल्यांतून फिरल्या. "तुमच्या बिल्डिंगमधले सगळे राउटर एकाच चॅनलवर आहेत. ही यंत्रं शहाणी असतात, बोलण्याआधी कान देतात. कोणी बोलत असेल तर थांबतात. पण इथे सगळ्यांनाच बोलायचंय, मग नंबर कधी लागणार?" त्यांनी राउटर दुसऱ्या, कमी गर्दीच्या बँडवर टाकला आणि मुलीचं टेबल राउटरच्याच खोलीत आणायला लावलं. "हा बँड जोरात चालतो, पण भिंती आल्या की दमतो."

त्यांना खाली सोडायला गेलो तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, त्या वेळी मी..." त्या म्हणाल्या, "तुम्ही घाबरला होतात. मी काय कमी घाबरले होते?" मग रिक्षा आली आणि त्या गेल्या. मुलीला ती नोकरी लागली. त्यानंतर मॅडम रिटायर होईपर्यंत आम्ही रोज एका टेबलावर जेवलो.

मागच्या आठवड्यात कुळगावला त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांचे यजमान दत्ताभाऊ एकटेच होते. मुलगा नाशिकला परत गेलेला. भाऊंच्या दोन्ही कानांत ऐकायची मशिनं आहेत. मॅडमनी ती ब्लूटूथने मोबाइलला जोडून दिली होती, म्हणजे फोनवरचं बोलणं थेट कानात. मध्ये फोन दुरुस्तीला गेला आणि ती जोडणी पुसली गेली. "पोरगा रोज फोन करतो," भाऊ म्हणाले, "मी नुसता हॅलो हॅलो करतो. हे सगळं तीच बघायची." मी मशिनं बंद करून पुन्हा चालू केली. फोनने त्यांना शोधलं, जोडू का विचारलं, मी हो म्हटलं. एकदा अशी ओळख पटली, की पुढे ती दोघं एकमेकांना आपणहून हुडकतात; फक्त दहा-बारा पावलांच्या आत असावी लागतात.

नीट जुळलंय का बघायला मी बाहेर पडवीत गेलो आणि तिथून भाऊंना फोन लावला. "भाऊ, येतंय का ऐकू?"

"येतंय. स्वच्छ येतंय."

मी आत जायला वळलो, तर ते म्हणाले, "थांब, तिथेच उभा राहा. समोर बसून मला हे विचारता यायचं नाही... फॅक्टरीत ती कशी होती रे? घरी कधी काही सांगितलंच नाही तिनं."

मी पडवीतल्या खांबाला टेकलो आणि रविवारच्या चाचणीपासून सांगायला सुरुवात केली.