पांढऱ्यावरचं पांढरं

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. झाकणबाई अंधशाळेतल्या वर्गाच्या खिडक्या उघडत होत्या. नाव मुलांनी ठेवलेलं. बोटांनी वाचायची ठिपक्यांची पुस्तकं निघाली, की ज्यांना थोडंफार दिसायचं त्यांच्या गळ्यात बाई जाड कापड बांधत आणि त्याची कड पुस्तकावर पसरत. डोळ्यांनी चोरून वाचायचं नाही. उरलेली नजर वापरली तर संपते, असं त्या काळी डॉक्टरही सांगत. चोरून वाचणाऱ्या दोघांची मागच्या वर्षी घरी रवानगी झाली होती.

कापड नव्हतं ते फक्त सुताराच्या मुलीला. तिला उजेड-अंधार सोडून काही दिसत नाही, असं दवाखान्यातून कळलं होतं. वाचनात मात्र ती सगळ्यांच्या पुढे. नाक पानाला टेकेपर्यंत वाकायची. बाई त्याला तल्लीनता म्हणत आणि तिच्या बोटांचं कौतुक येईल-जाईल त्याला ऐकवत.

त्या दिवशी मागच्या बाकावर ऊन येत होतं, म्हणून बाईंनी तिच्या शेजारची खिडकी लोटली. मुलगी वाक्याच्या मध्येच थांबली.

"बाई, हिची बोटं झोपली," शेजारीण म्हणाली. वर्ग हसला.

बाईंनी खिडकी उघडली. वाचन सुरू. लोटली. वाचन थांबलं. मग उघडून त्या स्वतः वाकल्या आणि पानाला गाल टेकवला. तिरप्या उन्हात प्रत्येक ठिपक्याला सावली होती, मोहरीहून बारीक. पांढऱ्या कागदावरचे पांढरे ठिपके ही पोर सावलीवरून वाचत होती. वर्षभर.

"कापड बांधा बाई, पण घरी पाठवू नका," मुलगी पुटपुटली.

मधल्या सुट्टीत बाईंनी मोठ्या सरांना सगळं सांगितलं आणि तिला शाईची अक्षरं शिकवायची परवानगी मागितली. सर भला माणूस, पण जबाबदारीला भिणारा. नजर गेली तर तिच्या बापाला काय तोंड दाखवायचं, असं त्यांनी विचारलं.

"वर्षभर रोज वापरलीय तिनं, सर. संपली नाही."

सर वर्गात आले. चष्मा काढून त्यांनीही पानाला गाल टेकवला. उठले तेव्हा गालावर ठिपके उमटले होते. बाईंनी हसू दाबलं. परीक्षेपर्यंत रोज एक तास द्या, म्हणाले, आणि डोळे दुखले तर त्याच दिवशी बंद.

शाळा सुटल्यावर बाईंनी रंगाऱ्याचा कुंचला आणून पुठ्ठ्यावर मुठीएवढी काळी अक्षरं काढली आणि वाळत ठेवली. उद्या पहिला तास त्या पुठ्ठ्यांचा आहे. सुताराच्या मुलीचा बाक खिडकीपाशीच राहील.