अण्णांचा मास्क आणि आमचे डोके

आमच्या सोलापुरात सकाळी स्विमिंग टँकवर माणसं पोहायला येतात हा एक गैरसमज आहे. निम्मी बोलायला येतात. त्यामुळे पाणी वर्षातून एकदा तरी बदलतं, किस्से मात्र साचतच जातात. यंदाचे सगळे अण्णांच्या मास्कचे!

अण्णा म्हणजे मल्लिनाथअण्णा, भुसार मालाचे व्यापारी. त्यांच्या शिल्पानं पुण्यातली बँकेची नोकरी सोडली आणि मालवणला जाऊन लोकांना स्कूबा डायव्हिंग शिकवायला लागली. अण्णा पाहुण्यांना अजून "बँकेत हाय" असंच सांगत होते. शेवटी पोरगी म्हणाली, "अप्पा, एकदा पाण्याखाली येऊन बघा. बघूनही परत चल म्हणालात, तर बॅग भरते."

तिथं पाण्याखाली बघायचा काचेचा मास्क भाड्यानं मिळतो. पण दुसऱ्याच्या तोंडाला लागलेलं अण्णांना चालत नाही. त्यांनी नवाकोरा मागवला आणि सरावाला आमच्या टँकवर आणला.



पहिल्याच दिवशी अण्णा मास्क लावून पाण्यात गेले आणि तडक वर येऊन वॉचमनला झापायला लागले. "पानी कवा बदललंय? हाताची बोटं दिसंना की!"

वॉचमननं पाणी बघितलं. तळाच्या फरश्या मोजता येत होत्या.

"अण्णा," तो म्हणाला, "जरा चष्मा काढून बघा."



तर मास्कच्या काचेवर आतून वाफ धरत होती. आमच्यातल्या नरसय्याचा टॉवेलचा कारखाना. त्यानं मोठ्या अभिमानानं कोरा टॉवेल आणून दिला. अण्णांनी काच घासघासून पुसली. वाफ होतीच, वर टॉवेलची खळ चिकटली.

"चार वेळा धुतल्यावर भारी पुसतोय," नरसय्या म्हणाला.

"मग चार वेळा धुऊन द्याचा की!"



मग देशपांडे सरांनी सूत्रं हातात घेतली. सर शाळेत फिजिक्स शिकवायचे. "श्वास गरम, काच गार, म्हणून वाफ. काच गरम ठेवा." अण्णांनी मास्क तासभर स्कूटरच्या सीटवर उन्हात ठेवला. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन! मास्क तोंडाला लावला आणि अण्णा जे ओरडले, ते बाहेरच्या चहावाल्यानंही ऐकलं. दिवसभर डोळ्यांभोवती लाल कडं घेऊन ते दुकानात बसले. वाफेचं काय झालं ते कळलंच नाही, कारण मास्क घालायची त्या दिवशी कुणाची छाती झाली नाही.

मला तर आता सगळंच पटायला लागलं होतं आणि काहीच कळत नव्हतं.



चौथ्या दिवशी चमत्कार झाला. सगळी काच धुरकट, पण मधोमध तीन आडवे पट्टे लख्ख! अण्णा त्या फटींतून आमच्याकडे बघत होते.

झालं होतं असं, की नव्या वस्तूची पूजा करायची म्हणून अण्णा रोज मास्कला विभूतीची तीन बोटं ओढत होते. बाहेरून लावली तर पाण्यात जाईल, म्हणून आतून, आणि चांगली चोळून.

"राख आहे ती. घासून काचेवरचा काहीतरी थर गेला असेल," सर म्हणाले.

"राखच हाय. तुमच्याकडं काय हाय?" अण्णा म्हणाले. सर मास्क उलटसुलट करून बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मी शाळेतही कधी पाहिला नव्हता.



शेवटी मी म्हटलं, अण्णा, शिल्पाला फोन करा की. "तिलाच बघायला चाललोय, तिलाच कसं इचारू?" असं म्हणत म्हणत त्यांनी केला. ती म्हणाली, नव्या काचेवर कारखान्यातला चिकट थर असतो, पांढऱ्या टूथपेस्टनं आतून घासा. आणि पाण्यात उतरताना काचेला थुंकी चोळून विसळायचं, म्हणजे वाफ धरत नाही.

टूथपेस्ट झाली. थुंकीला अण्णा ठाम नाही म्हणाले. "पूजा केल्याली वस्तू हाय. तिच्यात थुकू व्हय?"

"मग धूसर दिसेल," मी म्हटलं.

त्यावर मात्र ते हळवे झाले. "धूसर बघून पोरीचा निकाल कसा द्याचा, सांगा."



मालवणला मी अण्णांबरोबर बोटीत होतो. अण्णा मास्क हातात धरून नुसते बसलेले. थुंकायचं नाही, आणि न थुंकता उतरायचंही नाही. शिल्पा आली. तिनं काही न विचारता मास्क काढून घेतला, आत थुंकली, अंगठ्यानं काच चोळली, समुद्राच्या पाण्यात विसळली आणि वडिलांच्या तोंडावर चढवला. अण्णांनी स्वतःच पट्टा डोक्यामागं ओढून घेतला. ती त्यांचा हात धरून खाली घेऊन गेली.

बऱ्याच वेळानं दोघं वर आली. अण्णा बोटीत बसले. शिल्पा पाण्यातच, कडेला धरून.

"मग अप्पा? बॅग भरू?"

अण्णा टॉवेलनं डोकं पुसायला लागले. मला धीर धरवेना. मी आपलं विचारलं, "अण्णा, मासे कसे होते?"

"मासे?" अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. "मासे व्हते व्हय तितं? मी हिच्याकडंच बघत हुतो."

मग त्यांनी मास्क काढला आणि शिल्पाच्या हातात दिला.

"उद्या परत थुक गं ह्यात. मासे बघायचे राह्यले."