मल्लिनाथची पाच वाक्यं

मल्लिनाथ बिराजदार गेल्याची बातमी मला परीक्षेच्या हॉलमध्ये मिळाली. सहामाहीचा भूगोलाचा पेपर चालू होता. शाळेचे कारकून आत आले, कानाशी वाकले आणि म्हणाले, "सर, बिराजदार वकील गेले. आज सकाळी. हार्ट." मग सवयीनं विचारलं, "पुरवण्या पुरतील ना?" मी पुरतील म्हणालो. पेपर संपायला पाऊण तास होता आणि पर्यवेक्षकाला हॉल सोडता येत नाही. तो पाऊण तास मी बाकांच्या रांगांतून नुसता फिरत राहिलो. मुलांना वाटलं, सर आज भलतेच कडक आहेत. कुणी मान वर केली नाही, आणि ते एका परीनं बरंच झालं...

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. मधल्या काळात एक शोकसभा झाली. तीन वक्त्यांनी त्याला 'अजातशत्रू' म्हटलं. त्याचे निदान दोन शत्रू सभेला हजर होते आणि त्यातला एक त्या तिघांपैकीच होता. एकानं त्याला 'थोर अर्थतज्ज्ञ' केलं. मल्लिनाथ शेजारी बसला असता तर मला कोपर मारून म्हणाला असता, "अबे मास्तर, हे कुणाबद्दल बोलतंय बे?" तो अर्थतज्ज्ञ नव्हता आणि वकीलही नव्हता. विक्रीकराचे, जकातीचे, परताव्याचे कागद लिहून देणारा सल्लागार होता. आमच्या सोलापुरात सरकारी कचेरीत न घाबरता शिरणाऱ्या माणसाला वकील म्हणतात, एवढंच.

आमची ओळख कॉलेजच्या वसतिगृहातली. तो अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातून आलेला. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि पुढे धंद्यात मागवाल्यांकडून उचललेली दखनी उर्दू. रागवायचा मात्र कन्नडमध्ये, त्यामुळे आमच्या तीस वर्षांच्या भांडणांतलं निम्मं मला समजलेलं नाही. संसार, पुस्तकं, सिनेमा यांत त्याला बेताचाच रस होता. त्याचं खरं वेड एकच, कर. पहाटे फिरायला निघालो की मी पक्ष्यांचे आवाज ऐकायचो आणि तो सुतावर किती ठिकाणी कर बसतो ते सांगायचा. गिरणीच्या दारात एकदा, रंगावर एकदा, मागावर एकदा, आणि या सगळ्यातून वाचलेला माल गावात आणताना जकात नाक्यावर एकदा. मी त्याला अर्थमंत्री म्हणायचो. तो चिडायचा नाही. एकदा मात्र थांबून म्हणाला, "कर म्हणजे पैसे घेणं, असं तुला वाटतंय. मोठ्याकडून ते पैसेच घेतंय. बारक्याचा दिवस घेतंय बे. चार मागांचा मालक सायकलवर सुताचं बाचकं घेऊन नाक्यावर उभा राहिला की दुपार गेली त्याची. ती दुपार कुठल्या बजेटात दिसती का?" मला हे वाक्य आवडलं होतं. आवडलेली वाक्यं आपण वहीत लिहितो आणि पुढे जातो. तसंच केलं.

आणीबाणी सैल झाली आणि लोकसभेची निवडणूक आली. आम्ही दोघंही विरोधी उमेदवाराच्या कामात होतो. तो कळकळीनं आणि मी, खरं सांगायचं तर, पत्रकं चांगली लिहिता येतात म्हणून. प्रचार समितीची बैठक एका व्यापाऱ्याच्या पेढीवर भरली. विषय होता 'मुसलमान मतं'. हे दोन शब्द अध्यक्ष असे उच्चारत की जणू दूरच्या एखाद्या प्रांतातून आयात करायचा माल आहे. वास्तविक ती मतं पेढीपासून दहा मिनिटांच्या चालीवर माग चालवत होती. अध्यक्ष म्हणाले, "त्यांच्याकडे भावनेनं जायचं. दर्ग्यात चादर चढवायची, उमेदवाराला टोपी घालायची, भाईचाऱ्यावर बोलायचं. आणीबाणीत नसबंदीचा राग बसलाच आहे त्यांच्या मनात. आपण नुसती फुंकर घालायची."

मल्लिनाथ कोपऱ्यातून म्हणाला, "साहेब, त्यांच्या घरात माग हाय. मागाचं बोला की."

"म्हणजे?"

"सुतावरचा कर. जकात. त्यांना रोज जे लागतंय ते."

"कर हा व्यापाऱ्यांचा विषय आहे हो, बिराजदार. त्या लोकांना काय समजतंय त्यातलं?"

"मला त्यांनीच शिकवलाय, साहेब."

हशा झाला. मीही हसलो. शेवटी अध्यक्षांनी उदारपणे एक गल्ली मल्लिनाथला देऊन टाकली, आणि पत्रक मास्तरांनी लिहावं असं ठरलं.

ती गल्ली करीमभाईंची. करीमभाई म्हणजे चार मागांचे मालक आणि चारांतल्या एकावर स्वतः उभे राहणारे. गल्लीतली बाकीची माणसं त्यांच्या शब्दाला मान देत, कारण ते फार कमी शब्द वापरत. मल्लिनाथ मला घेऊन सकाळी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला. कारागिरांना मजुरी कामावर; माग थांबला की मजुरी थांबली. म्हणून माग बंद करायला निघालेल्या करीमभाईंना त्यानं हातानंच अडवलं. त्या खडखडाटात शेजारचा माणूसही ऐकू येत नाही. पण मागावर आयुष्य काढलेली माणसं ओठ वाचतात. मल्लिनाथ दोन मागांच्या मधे उभा राहिला आणि ओठ मोठे हलवत बोलू लागला. करीमभाईंच्या मागावरून नुकतीच उतरलेली चादर त्यानं हातात पसरून धरली. सुतावरचा कर म्हणाला आणि एक घडी घातली. रंगावरचा म्हणाला, दुसरी घडी. मागावरचा, तिसरी. जकात, चौथी. एवढीशी झालेली ती चादर त्यानं एका म्हाताऱ्या कारागिराच्या अंगावर टाकली. म्हातारा सुताची कांडी बदलता बदलता इतका हसला की त्याचा धागा तुटला.

बाहेर आल्यावर करीमभाईंनी एकच प्रश्न विचारला. "वकीलसाब, आपका आदमी दिल्ली जारा. नाका तो म्युनिसिपालटी का. ये कैसा निकालेगा?"

मी गडबडलो. मल्लिनाथचा चेहरा मात्र उजळला. इतक्या वर्षांत त्याला कुणी नेमका प्रश्न विचारला नव्हता. "नै निकाल सकता. अकेला तो बिलकुल नै," तो म्हणाला, आणि काय करता येईल ते त्यानं सांगितलं. करीमभाई ऐकत राहिले.

"ये बात कागद पे छापो," ते म्हणाले. "जो होता वो छापो, जो नै होता वो भी छापो. जुम्मे को नमाज के बाद मैं खुद पढ़के सुनाता सब कू."

"छापतूं."

"जुबान?"

"जुबान."

परत येताना मल्लिनाथ सायकल हातात धरून चालला होता. तो शीळ घालत होता. मी त्याला शीळ घालताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्यानं एका जुन्या फॉर्मच्या पाठीवर पाच वाक्यं लिहून मला दिली. मी ती पत्रकात घातली. माझा बाकीचा मजकूर असा होता की आज आठवला तरी कान गरम होतात. त्यात एकाच बागेतली फुलं होती, दोन नद्यांचा संगम होता, आणि शाळेतल्या उर्दूच्या शिक्षकांकडून तपासून घेतलेला एक शेरही होता. प्रेसमध्ये तपासायचं मुद्रित समोर आलं तेव्हा खिळे जुळवणारा जुळारी म्हणाला, "सर, सहा ओळी जास्त होतायत. उमेदवाराच्या फोटोचा ठोकळा मोठाय." फोटो लहान करता येत नव्हता. मी मजकुरावरून नजर फिरवली. माझ्या फुलांना हात लावावासा वाटला नाही. मल्लिनाथच्या वाक्यांत सूत होतं, नाका होता, आणि हे आमच्या उमेदवाराला एकट्याला जमणार नाही अशी कबुलीही होती. जगात कुठलं पत्रक असं सांगतं? मी ती पाचही वाक्यं काढली. मला कुणी सांगितलं नव्हतं. अध्यक्षांनी ते मुद्रित पाहिलंही नव्हतं.

शुक्रवारी नमाज झाल्यावर गल्लीत सतरंज्या पडल्या. उमेदवार आले. त्यांना घातलेली मखमली टोपी एका मापानं लहान होती आणि ते तिला बोलता बोलता मागे ढकलत होते. करीमभाईंनी पत्रक हातात घेतलं, चष्मा लावला, उभं राहून सगळं वाचलं. फुलं वाचली. नद्या वाचल्या. शेर वाचताना तर आवाजही लावला. मग कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"बस?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे पाहून नव्हे, मल्लिनाथकडे पाहून.

मल्लिनाथनं शेजारच्याच्या हातातलं पत्रक घेतलं आणि तेव्हा ते पहिल्यांदा वाचलं. मग ते ज्याचं त्याला परत दिलं. गल्लीतले लोक अदबीनं बसून राहिले, उमेदवारांचं भाषण अदबीनं ऐकलं, चहा दिला आणि मागांवर परतले. एका मागोमाग एक माग सुरू झाले. आम्ही मुख्य रस्त्याला लागेपर्यंत गल्ली पूर्वीइतकी खडखडू लागली होती.

वाटेत मी म्हणालो, "जागा नव्हती रे. अध्यक्षांनी काढायला लावलं."

"असंल," तो म्हणाला.

देशात आमचा पक्ष जिंकला, सोलापुरात आमचा माणूस पडला. अध्यक्षांनी निदान केलं, "त्यांनी मतं गठ्ठ्यानं तिकडं टाकली." ती एक गल्ली आली असती तरी आम्ही पडलोच असतो, असं मी स्वतःला बजावत आलो आहे. ते बहुधा खरंही आहे, पण त्याचा काही उपयोग होत नाही. दरवर्षी दिल्लीच्या बजेटच्या दिवशी मल्लिनाथ माझ्याकडे रेडिओ ऐकायला यायचा आणि प्रत्येक घोषणेवर कन्नडमध्ये टीका करायचा. त्या निवडणुकीनंतर तो आला नाही. फिरायला जायचो, पण तो गुडघ्यांबद्दल बोलायचा, मुलीच्या स्थळाबद्दल बोलायचा. करांबद्दल नाही. मला वाटलं, वय झालं. माणूस शहाणा झाला असंही एकदा वाटलं, आणि मी त्याला तसं म्हणालोही... तो हसला होता.

तो गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी करीमभाई त्याच्या घरी भेटायला आले. आम्ही दोघं बाहेर कट्ट्यावर बसलो. मी म्हणालो, "करीमभाई, त्या पत्रकातून ती वाक्यं मी काढली होती."

"अब बोल रै?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मग त्यांनी सांगितलं. त्या शुक्रवारनंतर दुसऱ्याच दिवशी मल्लिनाथ एकटा शेडवर आला होता. म्हणाला, ती बात मीच काढली, मला भीती वाटली. "हम हँसे. मैं बोला, वकीलसाब, झूट बोलना आपकू आता नै. किसकू बचा रै? आप का नाम नै लिये, मास्तर. चाय रखी थी, वो भी नै पिये." करीमभाई पुढे म्हणाले, "मैं दो बार आदमी भेजा बुलाने कू. बोला, आपसे कोई गिला नै. नै आये. जुबान उनकी गयी थी ना."

गेल्या आठवड्यात वहिनींनी मला त्याच्या ऑफिसात बोलावलं. एकच खोली, एक टेबल, भिंतभर फायली. त्यांना त्याचं अक्षर पाहवत नव्हतं, म्हणून कागद मी लावत होतो. खालच्या खणात त्या पत्रकाचं मुद्रित निघालं. प्रेसवाला करांचे कागद मल्लिनाथकडेच करून घेत असे. शुक्रवारीच संध्याकाळी, करीमभाईंकडे जाण्याआधी, मल्लिनाथ प्रेसमध्ये गेला असणार. पाच वाक्यांवर माझी काट होती आणि समासात माझ्याच अक्षरात शेरा : 'काढा. रटाळ.' हा शेरा मी मारला होता हे मला आठवतही नव्हतं. त्याखाली मल्लिनाथनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'खरंय. सोपं लिहायला पाहिजे होतं.' आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर ती वाक्यं त्यानं पुन्हा लिहिली होती. खोडून, परत लिहून, परत खोडून.

शेवटचा खर्डा खाली देतो. हा लेख छापणाऱ्या संपादकांना विनंती केली आहे की जागा कमी पडली तर माझ्या मजकुरातलं हवं ते काढावं.

'सूत गिरणीतून बाहेर पडतं तिथंच एकदा कर घ्या, पुन्हा घेऊ नका; तिथं तो लपवता येत नाही. त्यातला वाटा शहराला द्या, म्हणजे शहराला नाक्याची गरज राहणार नाही आणि मागवाल्याची दुपार मागावर जाईल. हे आमच्या उमेदवाराला एकट्याला जमणार नाही, आणि जमतं म्हणून जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण दिल्लीत उभं राहून हे बोलेन, एवढा शब्द तो देतो आहे. नाही बोलला तर मला येऊन विचारा, मी इथंच असतो.'