हंसाबेनची वाटी

निघायच्या दिवशी आमच्या बोरीवलीच्या घरात सगळं यादीप्रमाणे चाललं होतं. यादी माझी होती, म्हणूनच चाललं होतं. पासपोर्ट, विद्यापीठाचं पत्र, लोकरीचे मोजे, कुकरची जादा रिंग. बाबा स्प्रिंगकाट्याला बॅग लटकवून वजन वाचत होते आणि आई त्याच बॅगेत काहीतरी कोंबून ते वजन खोटं ठरवत होती. तेवढ्यात शेजारच्या हंसाबेन आल्या. हातात स्टीलची वाटी, वाटीत सुखडी, अजून कोमट. "मंजू, प्लेनमधला काय पण खाऊ नको. हे खा."

आईचा चेहरा पडला. सुखडीमुळे नव्हे, वाटीमुळे. आमच्याकडे शेजारची वाटी रिकामी परत जात नाही. हंसाबेनच्या घरून ढोकळा आला की वाटी आमच्या घावनाचा तुकडा घेऊन जायची, उंधियू आला की फणसाची भाजी घेऊन. अगदीच काही नसेल तर चमचाभर साखर. पण त्या दिवशी ओटा पुसून झाला होता, साखर संपली होती आणि खाली गाडीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. मग आईने जे सुचलं ते केलं. वाटी सुखडीसकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माझ्या खांद्यावरच्या बॅगेत घातली. "येशील तेव्हा भरून देऊ."

विमानतळावर तपासणीवाल्याने पुडकं वर धरलं. "ये क्या है?"

"पडोसी का है," मी म्हटलं. त्याने जाऊ दिलं.

तुमच्यातले जे बोरीवलीतच राहिले आणि जे माझ्यासारखे बॅगा बांधून निघाले, दोघांनाही हे ओळखीचं वाटेल. आपण काय नेतो याची यादी करतो, आणि जे यादीत नसतं तेच आयुष्यभर पुरतं. सुखडी पहिल्या आठवड्यात संपली. तळाशी गुजराती अक्षरांत 'हंसा' कोरलेली वाटी अठरा वर्षं माझ्याकडे राहिली. आईचा दर रविवारचा फोन याच वाक्यावर संपायचा, "आणि ती वाटी जपून ठेव हो, दुसऱ्यांची आहे." हंसाबेनना मात्र ती कुठे गेली हे आईने लाजेपोटी कधी सांगितलं नाही.

मी जर्मनीला आले ती पेशींचा अभ्यास करायला. पहिल्या हिवाळ्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी माझं पार्सल घेऊन ठेवलं, म्हणून मी त्यांना माझ्या एका बाऊलमधून शिरा नेऊन दिला. दोन दिवसांनी बाऊल माझ्या दाराशी ठेवलेला. धुतलेला, पुसलेला, आत आभाराचं सुंदर कार्ड. आणि रिकामा. मी दारात उभी राहून संतापले. त्या बाईंचा काही दोष नव्हता, त्यांच्याकडे स्वच्छ परत करणं हीच सभ्यता. पण त्या कार्डाचा अर्थ माझ्या लेखी एकच होता: हिशेब मिटला, आता पुन्हा येऊ नकोस. आजही त्या मला जिन्यात हसून 'हालो' म्हणतात आणि मीही म्हणते. बस, तेवढंच.

आता माझ्या कामाबद्दल. "कॅन्सरचं औषध सापडलं का?" हा प्रश्न प्रत्येक लग्नात येतो, म्हणून एकदा नीट सांगून टाकते. शाळेच्या पुस्तकात पेशीचं चित्र असायचं, आठवतं? तळ्यात गोटे टाकावेत तसं. इथे तंतुकणिका, तिथे आंतर्द्रव्यजालिका, मधे नुसतं पाणी. परीक्षेत बाण काढून नावं लिहिली की गुण. ते चित्र दिशाभूल करणारं आहे. पेशीतली ही अंगकं आमच्या सोसायटीसारखी आहेत, भिंतीला भिंत लागून. एकमेकांत मिसळत नाहीत, पण इतकी जवळ येतात की मधल्या फटीत काही प्रथिनं एक हात इकडे, एक हात तिकडे धरून उभी राहतात आणि स्निग्ध पदार्थ या घरातून त्या घरात पोचवतात. पूर्वी प्रयोगशाळेत पेशी फोडून एक अंगक वेगळं काढलं की त्याला शेजारच्या अंगकाचा तुकडा चिकटून यायचा. लोक वैतागायचे, त्याला मळ म्हणायचे आणि पुन्हा पुन्हा धुवायचे. बराच काळ शेजार हाच मळ समजला गेला. ज्या थोड्या लोकांनी 'अरे, हे धुतलं तरी जात का नाही?' असा प्रश्न विचारला, त्यांच्यातून आमची बिरादरी उभी राहिली. दरवर्षी कुठेतरी जमतो, तीच तोंडं, तीच कॉफी. सगळे म्हणतात, आपण म्हणजे एक कुटुंब. कुटुंब आहे खरं. मोठ्यांनी बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, तेही कुटुंबासारखंच.

जर्मनीतल्या लॅबमध्ये माझा बॉस होता मथियास. आमच्या लॅबकडे असंच एक वाहक प्रथिन होतं. ते स्निग्ध पदार्थ उचलून पलीकडे देतं, एवढं माहीत होतं. एका ग्रुप मीटिंगमध्ये मी विचारलं, "परत येताना ते काय आणतं?"

मथियास म्हणाला, "काहीतरी आणलंच पाहिजे असं का वाटतं तुला?"

रिकामं कसं येईल, एवढंच डोक्यात होतं, आणि ते काही शास्त्रीय कारण नव्हे. दोन्हीकडून देवाणघेवाण करणारी काही प्रथिनं इतरांनी आधी दाखवली होती, पण आमचं एका दिशेचं आहे असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मी तपासलं. ते दुसराच एक पदार्थ घेऊन परत येत होतं, दर वेळी. मी माझ्या नळ्यांवर मार्करने 'वाटी' लिहायला लागले. महिनाभरात लॅबमधले सगळे 'वाटी' म्हणायला लागले, 'ट' नीट न जमता.

शोधनिबंध लिहायची वेळ आली तेव्हा मथियासने वाटी खोडली आणि तिथे तीन अक्षरं नि एक आकडा घातला. "हे फार लोकल आहे, मंजू. लोकांना कळणार नाही."

लोकल! आमच्या क्षेत्रात जनुकांना जर्मन नावं आहेत, जपानी आहेत, ग्रीक पुराणातली आहेत, नुसत्या विनोदाने ठेवलेलीही आहेत. ती सगळी मी बोरीवलीच्या शाळेतून आलेल्या जिभेने पाठ केली. मला कळतात म्हणून केली का? कुणी मला विचारलं का, बाई गं, तुझ्या गावच्या लोकांना हे कळेल का? हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "तू हे मनाला लावून घेतेयस." निबंध आकड्यासकट छापला गेला.

पुढे मला माझा छोटा संशोधन गट मिळाला. पण राग खरा उसळला तो एका परिषदेत. मंचावर अमेरिकेतले एक मोठे प्राध्यापक आमच्या निबंधाबद्दल कौतुकाने बोलत होते. "याला टॅक्सी म्हणू या," ते म्हणाले, "परतीचं गिऱ्हाईक घेऊन येणारी टॅक्सी." सभागृह हसलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी टॅक्सी. टॅक्सी मात्र कुणालाच लोकल वाटली नाही.

इथे कुणी म्हणेल, नावात काय आहे, जाऊ दे ना यार. नाही जाऊ देणार. कारण टॅक्सी चूक आहे. परतीचं भाडं मिळालं नाही तर टॅक्सी रिकामी येते आणि पुन्हा जाते, तिचं काही अडत नाही. माझ्या गटाने परतीचा पदार्थ काढून घेतला तेव्हा काय झालं? जाणंच थांबलं. जे परत येतं त्याच्या जोरावरच पुढचं पाऊल पडतं. रिकामी वाटी परत गेली की पुढचा ढोकळा येत नाही. हे हंसाबेनना माहीत होतं, आईला माहीत होतं. टॅक्सी म्हणणाऱ्यांनी मात्र परतीकडे बघायचं सोडलं आणि नुसतं जाणं मोजत बसले. चुकीचं नाव माणसाला चुकीचा प्रयोग करायला लावतं. एवढंच मी आमच्या नव्या निबंधात लिहिलं आणि प्रथिनाला वाटी म्हटलं. संपादकांचं उत्तर आलं: काम उत्तम, फक्त 'वाटी'च्या जागी रूढ शब्द 'टॅक्सी' घालावा, मग स्वीकारू.

माझ्या गटातल्या दोघांची पुढची नोकरी या निबंधावर होती. त्यांना विचारलं. दोघेही म्हणाले, तू ठरव. हे 'तू ठरव' घेऊन मी यंदा घरी आले.

बोरीवलीत आमची इमारत पाडायची ठरली आहे. तिथे टॉवर येणार, फ्लॅट मोठे होणार. नव्या नकाशात प्रत्येक घर सुटं, दोन घरांत एकही सामाईक भिंत नाही. एजंटने हे फायद्यांत धरलं. "प्रायव्हसी, मॅडम." मला ते शाळेच्या पुस्तकातलं चित्र वाटलं. आई तोवर मालाडला भाड्याने राहणार. बाबा गेल्यानंतर तिच्यावर सर्वांत आधी लक्ष ठेवणाऱ्या हंसाबेन घाटकोपरला मुलीकडे जाणार. परत येतील की नाही, त्याच सांगत नव्हत्या.

म्हणून दर खेपेला तिकडेच राहून जाणारी वाटी या खेपेला यादीत सर्वांत वर होती. तिच्यात मी तिकडचे बदाम भरून आणले. आईने ते पाहिलं आणि म्हणाली, "बदाम? त्यांना दात कुठे राहिलेत गं?" बदाम काढून तिने वाटीत खोबऱ्याची मऊ वडी भरली. आम्ही दोघी शेजारी गेलो.

हंसाबेननी वाटी उलटी धरून चष्म्यातून नाव वाचलं. वड्या त्यांच्या मांडीवर सांडल्या. "अरे! ही मी चोरीला गेली समजली. कामवालीवर डाउट घेतला होता मी!"

"अठरा वर्षांनी कबूल करताय होय?" आई म्हणाली.

"तू पण अठरा वर्षांनी परत देते. जर्मनीला जाऊन आली वाटी, मी नाय गेली."

दोघी हसायला लागल्या त्या थांबेनात. मी यादीतल्या वाटीवर काट मारायला फोन काढला, तोवर हंसाबेन गुडघा दाबत आत गेल्या. डब्याचं झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा वाटी भरलेली होती. सुखडी.

"हंसाबेन, मी परत द्यायला आलेय."

"मग? खाली वाटी देऊ तुला? आई काय बोलेल?" त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि बोटं वरून मिटवली. "पुढच्या टायमाला घाटकोपरला आण. लिफ्ट आहे."

त्या दुपारी आईच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून मी संपादकांना उत्तर लिहिलं. शब्द बदलणार नाही. रूढ शब्द प्रयोगाशी जुळत नाही, कारणं खाली दिली आहेत. वाटी म्हणजे काय ते दोन ओळींत समजावलं. या कारणासाठी नाकारायचं असेल तर कृपया तसं लेखी कळवा. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. नाकारलं तर दुसरीकडे पाठवेन, तिथेही वाटी म्हणूनच. गटातल्या दोघांना ते कळवलं आहे. एकाने उत्तरादाखल नुसतं वाटीचं चित्र पाठवलं.

'घरी कधी येणार?' असं आता कुणी विचारलं तर मला पत्ता देता येत नाही. बोरीवलीचं घर पडेल, मालाडचं भाड्याचं आहे, जर्मनीतलं कराराचं. पण यादीतली पहिली ओळ मी काढली नाही, फक्त बदलली: वाटी, घाटकोपर, मऊ काहीतरी भरून.