तीन शेड उजळ

नवीन जालन्यात स्टेशनच्या मागच्या गल्लीत माझं पार्लर आहे. पाटीवर मी 'मेकअप आर्टिस्ट' असं लिहून घेतलं, पण ती पाटी वाचणारी मी एकटीच. बाकी सगळ्यांसाठी मी पार्लरवाली. मांडववाला आला का, बँडवाला आला का, पार्लरवाली जेवली का. मला याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते साफ खोटं आहे.

बारा वर्षं हे काम करते आहे. या बारा वर्षांत एकही आई मला असं म्हणाली नाही की माझ्या मुलीचे डोळे छान आहेत, ते जरा उठून दिसू द्या. सगळ्यांचं मागणं एकच: 'ताई, जरा उजळ करा.' जरा म्हणजे किती, ते मोबाईलमध्ये दाखवतात. फोटोत फिल्टर मारलेली कुणीतरी असते, तिला नाकच नसतं, नाकपुड्या तेवढ्या असतात. 'बिलकुल अशी पाहिजे,' म्हणतात, आणि लगेच पुढे, 'पण नॅचरल वाटलं पाहिजे.' ज्वारीचं पीठ पुढ्यात ठेवून म्हणायचं, याची गव्हाची पोळी लाटा. बरं, असं म्हणणारी आई स्वतः काळीसावळी असते, बाप तिच्याहून दोन पट. सोबत आलेली मामी तर दारातून आत आली तेव्हा मला आधी तिचे दात दिसले होते. पण मामीलाच मुलीच्या रंगाची सगळ्यात जास्त काळजी.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगते, कारण ते कुणी विचारत नाही. फाउंडेशन निवडायचं तर ते हनुवटीच्या कडेला, जबड्यावर लावून बघायचं. जी शेड लावल्यावर दिसेनाशी होते, ती बरोबर. एवढंच शास्त्र आहे, पण ते साधायला मला चार वर्षं लागली. आमच्याकडच्या उन्हात वाढलेली कातडी वरवर एकरंगी वाटते, पण तिच्यात पिवळा असतो, तांबडा असतो, कुणाच्या ओठांच्या कडेला किंचित जांभळा असतो. हाताच्या पालथ्या बाजूवर तीन थेंब मिसळत बसायचं. एखाद्या वेळी तो रंग नेमका सापडतो आणि लावला की चेहऱ्यात विरून जातो, डाग गेलेले असतात आणि मुलगी मात्र तीच असते. मला त्या क्षणी जो आनंद होतो तो सांगायला माझ्याकडे माणूस नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, 'मंग लावलं काय आन् न लावलं काय?'

उलट, फार फिकं लावलं की तासाभरात चेहरा राखाडी पडतो. चुलीतली राख काढता काढता उठून आल्यासारखी नवरी स्टेजवर उभी असते, मान एका रंगाची, तोंड दुसऱ्या रंगाचं. आणि खाली खुर्च्यांवर बसलेल्या बाया म्हणतात, 'काय खुलून दिसून राह्यली पोरगी.' अशा वेळी मी जिलेबीकडे बघते.

आता वाटेल, एवढं कळतं तर ही बाई असलं काम करतच नसेल. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी ते करते. फार सफाईने करते. म्हणून तर बदनापूरहून एक आई मला शोधत आली.

तिच्या मुलीला बघायला परतूरचे पाहुणे येणार होते. मोसंबीची बाग असलेलं, खाऊनपिऊन सुखी घर. मुलगी शेतकी शिकलेली, इथल्या एका बियाणे कंपनीत नोकरीला. ऑफिसात नव्हे, प्लॉटवर. दिवसभर उन्हात उभं राहून पावसाळ्यानंतर कपाशीची बोंडं, उन्हाळ्यात मिरच्या मोजायच्या, वहीत लिहायचं. तीन उन्हाळे तिने असे काढले होते, आणि ते चेहऱ्यावर, हातांवर दिसत होते. आधीची दोन स्थळं बघून गेली आणि 'कळवतो' म्हणाली. आपल्याकडे कळवतो म्हणजे काय ते लहान पोरालाही कळतं.

बघण्याच्या दिवशी सकाळी मी बदनापूरला गेले. आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, 'चेहऱ्यालाच न्हाई, हातापायालाबी लावा. परतूरच्या बाया बाही वर करून पाहत्यात.' मी लावलं. चेहऱ्याला, मानेला, कोपरापर्यंत हातांना, घोट्यापर्यंत पायांना, सगळीकडे तीन शेड उजळ. घराला सफेदी देतात तसं. मुलगी फक्त एकदा म्हणाली, 'ताई, हे पुसलं जात न्हाई ना?' मी म्हटलं, 'अजिबात नाही.' तिने ते समाधानाने विचारलं नव्हतं हे मला नंतर समजलं.

पाहुण्यांना मुलगी पसंत पडली. मुलाच्या आईने तिथेच तिची ओटी भरली. मुलीच्या आईने मला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत होती, आणि मीसुद्धा मोठं काही केल्यासारखी फुशारले.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी मुलगी एकटीच पार्लरमध्ये आली. प्लॉटवरून सरळ आली होती, ओढणी डोक्याला गुंडाळलेली. म्हणाली, 'ताई, लग्नात माझ्या रंगाचा मेकअप करा.'

मी म्हटलं, 'आणि सासू?'

'तेच तर,' ती म्हणाली. 'नवऱ्याला म्हाईत हाय, तो प्लॉटवर येऊन गेल्ता मला भेटायला. पण त्याच्या आईनं मला तसंच पाह्यलंय, तुम्ही रंगवलेलं. मंग लग्न झाल्यावर काय करू? रोज सकाळी सासूच्या आधी उठून तोंड रंगवत बसू का जल्मभर? आन् एक दिवस पकडलं त्यांनी, तर फसवलं म्हनतील. लग्नातच पाहू द्या. मोडायचं आसल तर तवाच मोडू द्या.'

बारा वर्षांत माझ्या खुर्चीवर बसून इतकं सरळ बोललेली ही पहिली मुलगी. मला तिचा हेवा वाटला. मी तिचा जबडा धरला, हातावर रंग मिसळले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा तिची शेड सापडली. लावली आणि दिसेनाशी झाली. मी ती एका लहान डबीत भरून ठेवली आणि तिला शब्द दिला. अगदी छातीठोकपणे दिला. म्हटलं, लग्नात तुझी आई काय, कुणीही काही म्हणू दे.

लग्न बदनापूरच्या एका मंगल कार्यालयात होतं, वैशाखातलं, दुपारचं. नवरीच्या खोलीत कूलर होता आणि कूलरपुढे आई, आत्या आणि मामी अशा तिघी उभ्या होत्या, त्यामुळे हवा त्यांनाच लागत होती. मी डबी काढली. आईने ती बघितली, मुलीच्या गालाशी धरली आणि तिला सगळा प्रकार उमगला. ती काही ओरडली नाही. तिने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, 'ताई, वऱ्हाड परत गेलं तर मी काय करू? हिच्या मागं एक हाय आजून.'

आत्या म्हणाली, 'पोरीला काय कळतंय? तुम्ही तर शहाण्या हाव.'

मी शहाणी निघाले. डबी पेटीत ठेवली आणि उजळ बाटली काढली. मी नवरीकडे बघितलं नाही. तिने डोळे मिटून घेतले आणि तोंड वर केलं, दाताच्या डॉक्टरकडे करतात तसं. मी मनाशी म्हटलं, आईचंही बरोबर आहे, लग्न म्हणजे काही नाटक नाही. खरं कारण निराळं होतं. त्या मांडवात जालना-परतूरकडची उपवर मुलींची निम्मी घरं बसलेली होती, आणि 'हिने नवरीला काळी ठेवली' हे वाक्य माझ्या नावाला चिकटायला नको होतं. शब्द देताना पार्लरमधला कूलर माझ्या बाजूला होता, एवढाच फरक.

लग्न लागलं. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या असतात. घामाने ओल्या झालेल्या मेकअपवर ते दाणे चिकटतात आणि काढले की खाली खरा रंग दिसतो. नवरीच्या कपाळावर असे चार-पाच ठिपके पडले होते. फोटोग्राफर मला खुणावत होता. मला ते ठिपके स्टेजखालूनही दिसत होते, आणि पाहवत नव्हते.

जेवणं झाली. आता सूनमुख होतं. सासू मध्ये बसते, एका बाजूला मुलगा, एका बाजूला सून, आणि आरशात सुनेचं तोंड बघते. मग तोंडात साखर घालते, अंगावर साडी टाकते. त्याआधी मला दहा मिनिटं मिळाली, ठिपके बुजवायला. खोलीत आम्ही दोघीच होतो. नवरीने आतून कडी घातली.

'पुसायचं द्या,' ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. फोटोत फरक दिसेल, व्हिडिओ चालू आहे, आता लग्न झालंच आहे तर घाई कशाला, सावकाश कधीतरी सांग. ती ऐकून घेत होती. मग तिने स्वतःच माझी पेटी उघडली, मेकअप काढायच्या तेलाची बाटली शोधली, पेटीतल्या टॉवेलवर ओतली आणि पुसायला लागली. जोरजोरात, भांडं घासल्यासारखी. टॉवेल गुलाबी पांढरा झाला. आतून तिचा चेहरा निघाला, तीन उन्हाळ्यांचा. डोळे रडून लाल होतील असं मला वाटलं होतं, तसे ते नव्हते. ती आरशात बघत होती, आणि मला वाटतं तिला हायसं वाटलं होतं.

मग मी काम केलं. डबी काढली, तिच्या रंगाचा पातळ हात डोळ्यांखाली आणि नाकाच्या कडेला, बाकी कातडी तशीच. काजळ, ओठांना विटकरी रंग, टिकली, नथ सरळ केली. सात-आठ मिनिटांत झालं. इतक्या वर्षांत मी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते आहे, आणि ते मी करायला नकार दिलेला होता.

ती बाहेर गेली. कोपऱ्यात तिच्या आईने पदर तोंडाला लावला. सासू बसली, नवरी तिच्या एका बाजूला टेकली, आणि कुणीतरी आरसा पुढे धरला. सासूने बघितलं. बराच वेळ बघितलं. मागे बँडवाल्यांची आवराआवर चालली होती. नवरीने मान खाली घातली नाही, तीही आरशातून सासूकडे बघत राहिली. फोटोग्राफर म्हणाला, 'मावशी, जरा हसा.'

'उन्हात काम करती का गं?' सासूने विचारलं.

'हो,' नवरी म्हणाली. 'प्लॉटवर.'

'टोपी घालीत जाय.'

झालं. सासूने तिच्या तोंडात साखर घातली, अंगावर साडी टाकली, आणि पुढच्या विधीसाठी उठली. कुणाचं वऱ्हाड परत गेलं नाही. एका घराची चार महिन्यांची उडालेली झोप, माझे धरलेले हात, हातापायांना दिलेली सफेदी, सगळं त्या टोपीत मावलं. मला मोठ्याने हसायला येत होतं. त्या आईचा राग आला, आत्याचा आला, आणि माझा तर फारच आला. मी ठरवलं, आता बस. उद्यापासून ज्याचा त्याला रंग. ज्याला नको त्याने दुसरीकडे जावं, जालन्यात पार्लरं काय कमी आहेत?

संध्याकाळी पाठवणी चालली होती. मी पेटी आवरून कार्यालयाच्या दारात उभी होते. नवरीची गाडी समोरच होती, फुलं लावलेली, आणि ती दाराशी आईच्या गळ्यात पडून रडत होती. तेवढ्यात सासू माझ्याकडे आली. मी म्हटलं, आता बोलणी बसणार. मी उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं, चांगलं तिखट.

सासू खालच्या आवाजात म्हणाली, 'ताई, येत्या ऐतवारी माझ्या पोरीला पाहायला येऊन राह्यलेत. तुम्ही या परतूरला. तिचा रंगबी आसाच हाय.'

मी म्हटलं, 'येईन. पण मी तिच्या रंगाचंच करीन. सुनेला आत्ता जसं केलं, तसं.'

सासूने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, लहान पोराला समजावतात तसं.

'तसं न्हाई. हिला बघायच्या दिवशी केल्तं, तसं करा,' ती म्हणाली. 'तिचा रंग तर तिच्याकडं हायेच की. त्याच्यासाठी तुम्हाला कशाला बोलवू?'

नवरी आता गाडीपाशी आली होती, आमच्यापासून दोन हातांवर. रडणं थांबवून ती माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणते ते ऐकायला.

मी म्हटलं, 'ऐतवारी किती वाजता येऊ?'

सासूने वेळ सांगितली. नवरीने डोळे पुसले आणि गाडीत जाऊन बसली.