चष्मा कधीच नव्हता, असं मी म्हणाले

मंडळी, आज माझी मलाच लाज वाटतेय.

सकाळी मुलुंडला आमच्या घरी मुलाकडचे मला बघायला आले होते. पोहे खाताखाता मुलाच्या आईने विचारलं, "चष्मा वगैरे नाही ना गं तुला?"

"नाही, कधीच नव्हता." माझा सहाचा नंबर चारच महिन्यांपूर्वी लेझर करून गेलाय.

आणि लगेच सवयीने बोट नाकावर गेलं, नसलेला चष्मा वर सरकवायला.

ते फक्त मुलाच्या धाकट्या, कॉलेजात जाणाऱ्या बहिणीने बघितलं. तिचा चष्मा माझ्या जुन्या चष्म्याइतकाच जाड.

निघताना सगळ्यांचा फोटो काढायचं ठरलं, तेव्हा तिने हळूच चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

तिला खरं सांगायचंय. कोणत्या तोंडाने सांगू?